निवडक की समग्र?

गेल्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. वडिलांची तिथी होती. पाने वाढून झाली आणि आई गंधाची वाटी घेऊन बैठकीच्या खोलीत आली. भिंतीवरच्या फोटोला पावसाळ्यात ओल लागली होती, म्हणून तो फ्रेमवाल्याकडे दिलेला होता. त्याच्या खालच्या फळीवर धाकट्या भावाने न्यू जर्सीहून पाठवलेली डिजिटल फोटो फ्रेम होती आणि तीत वडिलांचा तोच फोटो आहे हे आम्हांला ठाऊक होते. तो येण्याची आम्ही उभ्याउभ्या वाट पाहिली. सात-आठ चित्रांनंतर वडील आले. आईने गंध लावायला हात पुढे केला, अनामिका काचेला टेकली, आणि वडील डावीकडे सरकून नाहीसे झाले. त्यांच्या जागी पुतणीच्या वाढदिवसाचा केक आला. गंधाचा ठिपका केकवर राहिला. आम्ही सारे हसलो. आई हसली नाही. ‘गेले वाटतं,’ एवढेच म्हणून ती आत गेली.

ह्यात दोष कोणाचाच नाही. स्पर्शाने चित्र बदलावे अशीच त्या यंत्राची रचना आहे, आणि ते पाठवण्यामागे भावाचे आईवरचे प्रेमच होते. पण तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. घरासाठी डिजिटल फोटो फ्रेम निवडायची म्हणजे नेमके काय निवडायचे? दुकानात हा प्रश्न इंच, पिक्सेल आणि गिगाबाइट ह्या परिभाषेत विचारला जातो. त्या परिभाषेचे मला वावडे नाही. पुढे तिच्याकडे वळणारच आहे. परंतु मूळ प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एखाद्या कवीचे ‘निवडक’ काढायचे की ‘समग्र’? निवड कोणी करायची, कोणत्या निकषावर? पानाचा आकार केवढा ठेवायचा? आणि प्रकाशकाने दुकान बंद केले तर प्रत कोठे मिळणार? फ्रेम घेणारा प्रत्येक जण नकळत ह्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, बाजारात मिळते ते बहुधा ‘समग्र’ असते आणि घराच्या भिंतीला गरज असते ती ‘निवडक’ची.

आधी भिंतीविषयी. मराठीत ह्या वस्तूला जुना शब्द आहे ‘तसबीर’. छायाचित्र अल्बममध्ये असते, पाकिटात असते, रेशनकार्डावरही असते. तसबीर मात्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली. म्हणजे तसबीर ह्या शब्दात चित्राइतकीच त्याला घरात मिळालेली जागा अभिप्रेत आहे. १८३९ मध्ये पॅरिसला छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले जाणते छायाचित्रकार. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि छापील लक्ष्मी-सरस्वती साध्यासुध्या घरांतूनही दिसू लागल्या. देव आणि पूर्वज एकाच कारागिराच्या चौकटींत, खिळ्यांच्या एकाच रांगेत, किंचित पुढे झुकून घराकडे पाहत राहिले.

ह्या भिंतीला स्वतःचे व्याकरण होते. जिवंत माणसे अल्बममध्ये, गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. भिंतीवर देव, राष्ट्रपुरुष आणि गेलेली माणसे. नवदांपत्याचा फोटो हा काय तो अपवाद. ‘फोटोला हार चढला’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. आणि हयात माणसाच्या फोटोला पोराने खेळता खेळता हार घातला तर घरातले वडीलधारे माणूस दचकून तो काढायला लावते. माणसाचे भिंतीवर जाणे ही एक घटना होती. तिच्यासाठी घरात चर्चा होई, फोटो शोधला जाई, मोठा केला जाई, दिवस ठरे, खिळा ठोकला जाई. एका फोटोमागे शेकडो नाकारलेले क्षण असत. संपादन ह्याहून वेगळे काय असते?

मात्र ह्या संपादकाचे गोडवे गाताना जरा जपून. आमच्या घरी आजोबांचा फोटो स्टुडिओतला होता: कोट, टोपी, कोरीव खुर्ची. आजीचा स्वतंत्र फोटो कधी काढलाच गेला नव्हता. ती गेल्यावर एका लग्नातल्या समूहचित्रातून तिचा चेहरा उचलून मोठा करण्यात आला आणि खाली कोणा दुसऱ्याच बाईचे खांदे व जरीचा पदर जोडण्यात आला. स्टुडिओवाले तेव्हा अशी कामे सर्रास करीत. मी लहानपणापासून त्या अनोळखी खांद्यांना नमस्कार करीत आलो. आणि आत्या? वडिलांची ही थोरली बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढची पन्नास वर्षे आमच्या घरात राबली. ती भिंतीवर गेलीच नाही. तिचा फोटो नव्हता असे नव्हे. अल्बममध्ये चार होते, चारही ठिकाणी ती कडेला उभी. भिंतीवर जागा नव्हती असेही नव्हे. तिला तिथे लावावे असे कोणाला सुचलेच नाही, आणि त्या ‘कोणा’त मीही आलो. जुन्या प्रातिनिधिक कवितासंग्रहांत कवयित्री इतक्या थोड्या का, हा प्रश्न आपण वर्गात तावातावाने विचारतो. घरच्या भिंतीला तो विचारायचा राहूनच जातो.

तेव्हा डिजिटल फ्रेमच्या बाजूने पहिला आणि मोठा मुद्दा हा की तिच्यात खिळ्यांची टंचाई नाही. भावाने जुन्या अल्बमची पानेच्या पाने स्कॅन करून तीत भरली, आणि आत्या मरणोत्तर का होईना, प्रथमच बैठकीच्या खोलीत आली. हे श्रेय यंत्राचे आहे आणि ते त्याला दिलेच पाहिजे.

पण आली ती दहा सेकंदांसाठी. दहा सेकंदांना एक चित्र ह्या गतीने दिवसाचे आठ तास फ्रेम चालू राहिली, तर ती २,८८० चित्रे दाखवते. छत्तीस चित्रांच्या रोलच्या हिशेबात सांगायचे तर दिवसाला ऐंशी रोल. एके काळी एक रोल दोन सणांना आणि एका सहलीला पुरवून वापरणाऱ्या घरात हे सारे रोज ओतले जाऊ लागले. भावाने सोय म्हणून आईच्या फोनमधला व्हॉट्सॲपचा फोल्डरही फ्रेमला जोडून दिला होता. त्यामुळे नातवंडांच्या जोडीने शुभ सकाळचे गुलाब, विजेचे बिल, डॉक्टरांची चिठ्ठी असे वाङ्मयही प्रदर्शित होऊ लागले. एकदा पाहुणे चहा घेत असताना आत्यापाठोपाठ आईचे आधार कार्ड आले. समग्र वाङ्मयात धोब्याचे हिशेबही छापावेत की नाही, हा संपादनशास्त्रातला जुना विनोदी वाद आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत तो निकालात निघाला.

ह्यावर उपाय म्हणून काही फ्रेमा आणि फोटो सांभाळणाऱ्या सेवा यांत्रिक निवड देऊ करतात. अस्पष्ट चित्रे वगळली जातात, मिटलेल्या डोळ्यांची मागे पडतात, हसरे आणि स्वच्छ प्रकाशातले चेहरे पुढे येतात. ही एक समीक्षापद्धतीच म्हणायची, आणि तिचे निकष सुबोध आहेत: स्पष्टता, उजेड, प्रसन्नता. घरगुती स्मृतीचे निकष मात्र हे नव्हेत. रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाच्या, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, छायाचित्रणावरच्या पुस्तकाचा गाभा म्हणजे त्याच्या दिवंगत आईचा, ती पाच वर्षांची असतानाचा, एक जुना फोटो. पुस्तकात इतरांची अनेक छायाचित्रे आहेत. हा फोटो मात्र त्याने छापलेला नाही. वाचकाच्या दृष्टीने तो असंख्य फोटोंपैकी एक ठरेल, ह्याची त्याला जाणीव होती. जो फोटो एका माणसाला सर्वस्व वाटतो तो दुसऱ्याला सामान्य वाटावा, इतकी ही निवड खाजगी असते. ती यंत्राला सोपवता येत नाही, आणि खरे तर समुद्रापलीकडच्या प्रेमळ मुलालाही सोपवता येत नाही.

आता आकाराविषयी. संपादन केवळ चित्रे निवडण्यात नसते. चित्राच्या कडा कोठे कापाव्यात हाही संपादनाचाच भाग. स्वस्तात मिळणाऱ्या अनेक फ्रेमांचा पडदा १६:१० किंवा त्याहून लांबट असतो, कारण तो टॅबलेटचा किंवा चलच्चित्राचा आकार आहे. फोनचा कॅमेरा सामान्यतः ४:३ प्रमाणात चित्र घेतो. असे आडवे चित्र १६:१० च्या पडद्यावर काठोकाठ भरले तर उंचीचा सहावा हिस्सा छाटला जातो. समूहचित्रात हा सहावा हिस्सा म्हणजे मागच्या रांगेची डोकी किंवा पुढे मांडी घालून बसलेली मुले. फोन उभा धरून घेतलेले चित्र अशा पडद्यावर पूर्ण दाखवायचे तर निम्म्याहून थोडा अधिक पडदा काळा राहतो. ४:३ च्या पडद्यावर आडवे चित्र नेमके बसते आणि उभ्यालाही निम्म्याहून अधिक जागा मिळते. म्हणून इंच किती हे विचारण्याआधी प्रमाण विचारावे. आत्या नेहमी कडेला उभी असे हे मी वर सांगितले; फ्रेमने चित्र आपोआप काठोकाठ भरले की सर्वांत आधी धोक्यात येतात ती कडेची माणसेच.

काचेविषयीही एक सांगायला हवे. चकचकीत पडद्यावर दुपारी खिडकी दिसते आणि रात्री ट्यूबलाइट. मंद पृष्ठभागाचा पडदा थोडा कमी झळझळीत भासतो, पण कागदाच्या अधिक जवळचा वाटतो. चित्र बदलण्याची कळ पाठीमागे असावी. स्पर्शाने बदलणारी फ्रेम ज्या घरात गंध-फूल वाहिले जाते त्या घरासाठी नव्हे. आणि तिला वायर असते, हे दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. तसबिरीला खिळा पुरतो, फ्रेमला प्लग लागतो. म्हणजे माणसे कोठे राहणार हे घराऐवजी इलेक्ट्रिशियन ठरवतो. बहुतेक फ्रेमांत बॅटरी नसते. वीज गेली की समग्र कुटुंब अंधारात.

राहिला प्रकाशकाचा प्रश्न. इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक फ्रेमांत चित्रे फ्रेमपुरती नसतात. ती कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि तेथून आपल्या घरी येतात. कंपनीने धोरण बदलले, सेवेला वर्गणी लावली किंवा गाशा गुंडाळला, तर हाती उरतो तो काळा पडदा. हे काल्पनिक भय नव्हे. आमच्या पिढीने आपले पहिले डिजिटल अल्बम ऑर्कुटवर लावले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. अनेकांनी पिकासावर फोटो रचून ठेवले. २०१६ मध्ये त्याला गूगलने निरोप दिला. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. ह्यांतल्या प्रत्येक वेळी आधी सूचना मिळाली होती, मुदतही होती; पण आपल्या आजोबांचे फोटो हलवायला मुदत असते हीच कल्पना आपल्याला नवी होती. म्हणून, इंटरनेटवाचून साध्या मेमरी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर चालते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय फ्रेम घेऊ नये. आणि मोजक्या चित्रांचे कागदी ठसे काढून घ्यावेतच. ओल कागदालाही लागते, हे खरे. पण ती हळूहळू लागते आणि डोळ्यांना दिसते.

ह्यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो वजनदार आहे. कराडसारख्या गावी एकटी राहणारी पंचाहत्तरीची आई, चिमुकला नातू सातासमुद्रापलीकडे, आणि त्याने आज सकाळी पहिल्यांदा टाकलेले पाऊल दुपारी तिच्या समोर. ह्या आनंदापुढे निवडीचे निकष घेऊन बसणे म्हणजे प्राध्यापकी काथ्याकूट नव्हे काय? मी हा आनंद पाहिला आहे. नातवाचे नवे चित्र आले की आई हातातले निवडणे बाजूला ठेवून उठते. तिच्याकडून ती फ्रेम काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही.

पण हा आनंद कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखले पाहिजे. तो टपालाचा आनंद आहे. रोज येणारे, ताजे, आजचे काही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर भावाची फ्रेम हे नियतकालिक आहे आणि भिंत हा ग्रंथ. नियतकालिकाने विपुल असावे, ताजे असावे, प्रसंगी गबाळेही असावे. उद्याचा अंक आला की कालचा रद्दीत जाणार, हे त्याला शोभते. गफलत झाली ती आम्ही नियतकालिकाकडून ग्रंथाचे काम मागितले तेव्हा. गंध लावायचे तर समोरच्याने जागा सोडून जाता कामा नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नाव ‘स्मृतिचित्रे’ आहे. आयुष्यभराच्या अनुभवांतून काही चित्रे राहिली, बाकीची गेली, आणि जी राहिली त्यांच्यापुढे आपण थांबू शकतो, म्हणूनच ते नाव सार्थ होते. थांबू न देणाऱ्या चित्रांना स्मृतिचित्रे म्हणणे मला जड जाते.

तेव्हा फ्रेम घेण्याआधी घराने एवढे ठरवावे: आपल्याला टपाल हवे आहे की तसबीर? टपाल हवे असेल तर इंटरनेटवर चालणारी कोणतीही बऱ्यापैकी फ्रेम चालेल. फक्त फोनचा सबंध फोल्डर तिला जोडू नये आणि ती देवाच्या किंवा पितरांच्या रांगेत ठेवू नये. आमची आता स्वयंपाकघराच्या कट्ट्याजवळ आहे, आणि तिथे ती रमली आहे. तसबिरीच्या जवळचे काही हवे असेल तर प्रमाण ४:३, पृष्ठभाग मंद, कळा मागे, चित्रे कार्डावर, क्रम आपण लावलेला, आणि बदलाचा वेग जितका कमी ठेवता येईल तितका कमी. काही फ्रेमांत एक चित्र चोवीस तास ठेवता येते. त्या वेगाने वर्षाला ३६५ चित्रे होतात. माझ्या मते तीही जास्तच.

दिवाळीत आम्ही अशी एक फ्रेम घेतली. अट एकच घातली: छत्तीस चित्रे, एका रोलइतकी, आणि निवड आईची. तिला तीन रविवार लागले. अल्बम पलंगावर पसरून ती बसे, एखादा फोटो बाजूला काढी, पुन्हा जागेवर ठेवी. माझा पदवीदान समारंभाचा फोटो तिने बाद केला. ‘त्यात तू कुठे आहेस? नुसता झगा आहे,’ म्हणाली. भावाच्या नव्या घराचा दिमाखदार फोटो बाद झाला. त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीतला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवतानाचा राहिला. आत्या दोनदा आली. वडिलांचा एकच फोटो तिने निवडला: अंगणात पाठमोरे वाकून ते स्कूटरच्या मागे ट्रंक बांधताहेत. चित्र हललेले, चेहरा दिसत नाही, स्पष्ट दिसते ते फाटकाचे गज. कोणत्याही यंत्राने हा फोटो पहिल्या चाळणीतच टाकून दिला असता. मीही म्हणालो, ‘आई, ह्यात बाबांचा चेहरासुद्धा नाही.’

‘चेहरा भिंतीवर आहेच की,’ ती म्हणाली. ‘ही बदलीची सकाळ आहे.’

वडिलांचा फोटो तोवर नव्या काचेसह परत आला होता आणि आपल्या खिळ्यावर होता. छत्तीस चित्रे कार्डावर घालून मी फ्रेम फळीवर ठेवली. पहिल्या दिवशी आत्या आली, विहिरीच्या काठाशी, कळशी खाली ठेवून, डोळे उन्हाने बारीक केलेले. दिवसभर ती तिथेच राहिली. चहाला तिथे, दिवेलागणीला तिथे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ‘ह्या कोण?’ म्हणून विचारले आणि आईने प्रत्येकाला सविस्तर सांगितले. तिच्या तोंडून आत्याविषयी इतके मी आजवर ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र बदलले. आई थोडा वेळ फळीपाशी उभी राहिली आणि मग मला म्हणाली, ‘वन्संचा तो फोटो कागदावर काढून आण. मोठा. आणि फ्रेमवाल्याला सांग, ह्यांच्या फोटोला लावली तसलीच पट्टी लाव.’